आईचं हो

हुडकेश्वर, नागपूर
६ ऑक्टोबर २०२५

चि. सौ. मयुरीस,
अ. उ. आशीर्वाद.

माझा यंदाचा एमआरआय झाला. किरणोपचाराला बारा वर्षं होऊन गेली, पण कानाच्या नसेवरची गाठ वाढलेली नाही. डॉक्टर खूश आहेत. डावा कान हळूहळू जाईल हे त्यांनी तेव्हाच सांगितलं होतं, तो आता पुरता गेला. उजवा तर इतकी वर्षं चालवलेल्या यंत्रमागाच्या खटखटाटाने आधीच अधू झालेला. चालताना जरा तोल जातो.

तुझे बाबा रोज म्हणतात, पोरीले आणाले कधी जायचं ते विचार वं. सातवा महिना लागला. जुन्या लुगड्यांची दुपटी शिवून ठेवली आहेत. तुझ्याविना घर खायला उठतं.

तुझ्या वाटेकडे डोळे लावून,
आई

रायपूर
१३ ऑक्टोबर

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून काही कळेना. मागच्या महिन्यात मी फोनवर विचारलं होतं, सासूबाई बाळंतपण इथेच करू म्हणतात, चालेल का? तू लगेच हो म्हणालीस. पहिलं बाळंतपण, आणि आईने साधा आग्रहही केला नाही. मी रात्रभर रडले. इथे सगळे जपतात, पण मला तुझ्याजवळ यायचं होतं गं.

माया असू दे.
मयुरी

हुडकेश्वर
१९ ऑक्टोबर

चि. सौ. मयुरीस,
अ. उ. आशीर्वाद.

फोनवर मला आता एक शब्द कळत नाही. तुझं नाव दिसलं की उचलते आणि हो हो म्हणत राहते, म्हणजे तू लवकर ठेवत नाहीस. तू काळजी करशील म्हणून बोलले नाही. भाजीवाल्यालाही असंच हो म्हटलं आणि ढीगभर कारली घरी आली. बाबा ती निमूट खाऊन राहिले आहेत.

पण विचार केला, झालं ते बरंच झालं. रात्री बाळ रडलं तर मला ऐकू येणार नाही. माझाच तोल जातो, त्याला हातात कशी घेऊ? तिथेच राहा. तुला पाहावंसं मात्र फार वाटतं.

जिवाला जप.
आई

रायपूर
२५ ऑक्टोबर

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

सासूबाईंना तुझं पत्र वाचून दाखवलं. त्यांनीच माझी बॅग भरायला घेतली. डॉक्टरांनी प्रवासाला हरकत नाही म्हटलंय. बाबांना २ तारखेच्या रविवारी पाठव.

बाळ रडलं तर ऐकायला मी आहे, बाबा आहेत. न्हाऊ घालायला बाई लावू. आई, तू मला बाळासाठी नको आहेस. माझ्यासाठी हवी आहेस.

तुझीच,
मयुरी