तुळशीजवळचा तुकडा

मुंबई, २ डिसेंबर १९३१

सौ. सगुणेस मनापासून आशीर्वाद.

येताना आगबोट लागली नाही, उलटी झाली नाही. खोकला तेवढा आहे, पण काळजी नसावी.

आपल्या मळ्यात पडून दुभंगलेल्या उल्कादगडाचा माझा तुकडा कॉलेजातल्या प्रोफेसरांना दाखवला. म्हणाले, “जड आहे खरा, पण वरची जळकी साल कुठे गेली? तिच्याशिवाय हा आभाळातला कशावरून?” तांब्याच्या हंड्यासारखा मीच तो चिंचेने घासला, हे सांगताना मान खाली गेली. वीस वर्षांचा दगड जमवण्याचा छंद पाण्यात जातो की काय, असे झाले.

मग खिशातला तुझ्या तुकड्याचा फोटो आठवला. “आभाळातून आलेला पाहुणा हा, त्याला कसली चिंच चोळता?” म्हणत तू तो हिसकावून तुळशीजवळच्या कोनाड्यात ठेवलास, आणि मी तुला वेडी म्हणालो! फोटोतली काळी साल पाहून प्रोफेसर हसले. नखाएवढी कपची दिलीत तर बदल्यात परदेशातला उल्कादगड देतो म्हणाले. मी म्हटले, मालकीणबाईंना विचारतो.

देशील का? तुझ्यामुळे माझी लाज राहिली गो.

सूनबाईचा ताप उतरला का?

तो परदेशी पाहुणा आलाच, तर त्यालाही तूच सांभाळ. मला चिंचेच्या बरणीपाशी फिरकू देऊ नकोस.

तुझाच,
गंगाराम