एका घराला एकच बोनस

प्रिय लॉईड यांस,

तुमच्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचा (हे पत्र लिहीपर्यंत तरी मी तोच आहे) सप्रेम नमस्कार. नवा गुडघा कसा आहे? जुन्या गुडघ्याशी त्याचं पटतं का? तुमचा कुत्रा अजून टपालवाल्यावर भुंकत असेल तर त्याचा घसा बसला असणार, आणि त्याला कारण मी आहे, कारण बँकांची माझ्या नावाची पाकिटं हल्ली तुमच्या पेटीत पडतात. ती का, हे तुम्ही विचारलं नाहीत. आपल्याकडे मिनेसोटात कुणी कुणाला काही विचारत नाही, हे एका परीने बरंच आहे आणि दुसऱ्या परीने सगळ्या दुःखाचं मूळ आहे. इकडे मार्च लागला तरी थंडी हटलेली नाही. तळ्यातल्या बर्फावर मांडलेली तुमची मासेमारीची खोपी सुखरूप आहे (ते मला कसं ठाऊक, ते पुढे येईल).

आता पाकिटांचं सांगतो. बँका हल्ली नवं खातं उघडलं की तीनशे-चारशे डॉलर बोनस देतात. अट एवढीच की, पगार मालकाकडून थेट त्या खात्यात जमा व्हायला हवा. आपणच आपल्या एका खात्यातून दुसऱ्यात टाकलेले पैसे चालत नाहीत (करून पाहिलं, बँकेला कळतं). मी रस्तेखात्यात बर्फ सारायची गाडी चालवतो आणि माझा पगार इतकी वर्षं एकाच खात्यात मुकाट जाऊन बसत होता. त्याने चार ठिकाणी हिंडून जरा कमाई केली तर काय बिघडलं, असं मला वाटलं. आणि लॉईड, हे सगळं मार्लिसच्या शेगडीसाठी होतं, ते तुम्ही लक्षात ठेवा. आमच्या विजेच्या शेगडीच्या चार चकत्यांपैकी तीन बंद पडल्या होत्या. उरलेल्या एकीवर ती आधी बटाटे उकडायची, मग रस्सा करायची, आणि रस्सा होईतो बटाटे गार झालेले असायचे. ती शाळेच्या स्वयंपाकघरात दिवसभर दीडशे पोरांचं रांधून येते आणि घरी येऊन असं जेवते, याचं मला वाईट वाटायचं. अजून वाटतं.

पण बोनसची एक खोड आहे. तो मिळतो, पण खर्चता येत नाही. खातं सहा महिने बंद करायचं नाही आणि त्यात हजारभर पडून असले पाहिजेत, नाहीतर दरमहा दंड. एक बोनस मिळाला की तो सांभाळायला पैसे हवेत, म्हणून दुसरा बोनस, तो सांभाळायला तिसरा. मधमाशीने मध गोळा करावा आणि स्वतः उपाशी राहावं, तसं झालं. आम्ही पाच बँकांत श्रीमंत होतो आणि एका चकतीवर स्वयंपाक करत होतो. रस्तेखात्यात आमच्या पगाराचं काम बघणाऱ्या इंगाला दर वेळी नव्या बँकेचा अर्ज द्यावा लागायचा. मी सोबत लिंबाच्या वड्या न्यायचो, त्या ती घ्यायची आणि अर्जाकडे अशी बघायची की जणू मी तिच्या टेबलावर मेलेला उंदीर ठेवला आहे. एकदा म्हणाली, "वेंडेल, तुझा पगार तुझ्यापेक्षा जास्त प्रवास करतो." मला ते कौतुक वाटलं. (माझ्या आयुष्यातल्या बऱ्याच चुका मला आधी कौतुक वाटल्या आहेत.)

मग चर्चचं झालं. पगार कुठल्या पंधरवड्यात कुठे जातोय, हे मी मार्लिसला सांगायला विसरलो आणि तिने जुन्या खात्यावर लिहिलेला देणगीचा चेक वटला नाही. तुम्हाला माहीतच आहे की चर्चमधल्या बायकांच्या मंडळाचा हिशेब तीच बघते. न वटलेल्या चेकबद्दल सभासदाला कळवायचं, असा मंडळाचा नियम आहे, तेव्हा तिने टेबलाशी बसून स्वतःलाच पत्र लिहून कळवलं. तिकीट लावून टाकलंसुद्धा. मंडळात कुणी एक अक्षर बोललं नाही. फक्त त्या रविवारी कॉफीच्या वेळी तिच्या बशीत कुणीतरी केकचे दोन तुकडे जास्त ठेवले. आपल्याकडे अशा कीवेहून मोठा अपमान नाही, हे तुम्हाला मी काय सांगावं. घरी येताना गाडीत ती एवढंच म्हणाली, "आज वारा आहे." वारा नव्हता.

इथे थांबायला हवं होतं, हे आता मलाही कळतं. पण नेमकी तेव्हाच गावात नवी बँक आली आणि तिने चारशे लावले. मी म्हटलं, या खेपेला दोघांनी खाती उघडू, आठशे येतील, शेगडी येईल आणि चर्चच्या गोष्टीवर पडदा पडेल. तर नियमात बारीक अक्षरात लिहिलेलं, की एका घराला एकच बोनस. घर म्हणजे काय? पत्ता. मग मी विचार केला, माझा पत्ता बदलला तर? आणि पत्ता बदलण्यासाठी तुमच्याइतका सज्जन, एकटा राहणारा आणि प्रश्न न विचारणारा माणूस माझ्या ओळखीत दुसरा नाही. मी तुमच्या दुलूथच्या घरचा पत्ता लायसनवर घालून घेतला आणि संध्याकाळी जेवताना मार्लिसला ते मोठ्या हौसेने दाखवलं. तिने ते हातात घेऊन बराच वेळ वाचलं.

"म्हणजे तू आता इथे राहत नाहीस," ती म्हणाली.

मी म्हटलं, फक्त कागदोपत्री. ती म्हणाली, "बरं." हा शब्द तुमच्या घराण्यात किती जड आहे, हे मला लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी कळलं होतं आणि त्या संध्याकाळी मी पुन्हा विसरलो.

पुढच्या आठवड्यात बँकेतून घरी फोन आला. या पत्त्यावर वेंडेल सन्बी नावाचे कुणी राहतात का, अशी चौकशी होती. मार्लिस खोटं बोलत नाही. ती म्हणाली, नाही, राहत नाहीत. तिचे चारशे आले. माझे आले नाहीत, कारण इंगाने या खेपेला लिंबाच्या वड्या ठेवून घेतल्या आणि अर्ज परत केला. म्हणजे तेलही गेलं, तूपही गेलं आणि धुपाटणं मात्र दुलूथच्या पत्त्यावर. मार्लिसने त्या चारशेत स्वतःचे थोडे घालून शेगडी आणली, खाली ओव्हन असलेली. मी कामावरून आलो तेव्हा चारही चकत्यांवर काही ना काही शिजत होतं, घरात इतका छान वास कधी आला नव्हता, आणि दाराशी माझी बॅग भरून ठेवलेली होती. घडी अगदी नीट, लोकरीचे मोजे वर. ज्याचा जो पत्ता, तिथे त्याने राहावं, एवढं ती बॅगच सांगत होती.

असो. बाकी सर्व क्षेम. पाकिटं एका खोक्यात टाकून ठेवा. गुडघ्याला जपा, बर्फावर काठी घेतल्याशिवाय जाऊ नका.

तुमचा,
वेंडेल

ता. क. मी तुमच्या खोपीत राहतोय. किल्ली तुम्ही पायरीखाली ठेवता ते मला माहीत होतं. विंचवासारखं बिऱ्हाड पाठीवर घेऊन आलो, पण पगार पाठीवर नव्हता, तो पाच बँकांत आहे. खोपीतल्या स्टोव्हला एकच चकती आहे, पण ती चालते. पण सरकारी हुकमाप्रमाणे येत्या पंधरा दिवसांत सगळ्या खोप्या तळ्यावरून काढायच्या आहेत, तेव्हा तुमचं तळघर मोकळं आहे का? पत्ता तर माझा तोच आहे.

ता. क. २. तुम्ही माझ्या शिफारशीने खातं उघडलंत तर बँक दोघांनाही शंभर-शंभर देते. पण दोघं एका घरातले नकोत. तेव्हा मला तळघरात घेण्याआधी उघडलेलं बरं.

ता. क. ३. वरच्या दोन्ही गोष्टी राहू द्या. पाकीट चिकटवणार तेवढ्यात मार्लिस बर्फावरून चालत आली. टॉवेलात गुंडाळलेलं भांडं होतं, वर बटाट्याचे गोळे लावून भाजलेला खिमा. म्हणाली, नवा ओव्हन कसा चालतो ते बघत होते, जास्त झालं. मी विचारलं, "मार्लिस, घरी येऊ का?" ती खोपीच्या मधोमध मासे धरायला बर्फात पाडलेल्या भोकाकडे, गळाच्या दोरीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "सहा महिन्यांच्या आत दोघं एका पत्त्यावर दिसलो तर बँक पैसे परत घेते. तूच वाचून दाखवलंस." मी म्हटलं, मग ऑगस्टमध्ये? ती म्हणाली, "भांडं धुऊन ठेव," आणि गेली.

लॉईड, ती थट्टा करत होती की नाही, मला कळलं नाही. इतकी वर्षं तो चेहरा बघतोय, तरी कळलं नाही. खिमा संपल्यावर मी भांडं उलटं करून पाहिलं. चर्चच्या जेवणात भांडी बदलू नयेत म्हणून बुडाला चिकटपट्टीवर नाव लिहितात ना, त्यावर अजून 'मार्लिस आणि वेंडेल' असं आहे. पण ती पट्टी जुनी आहे. तिच्यावरून काही ठरवता येत नाही. म्हणून माझं खरं काम एवढंच, की तुम्ही तिला फोन करून विचारा, ती ऑगस्टपर्यंत म्हणतेय की कायमचं. तुम्ही कधी कुणाला काही विचारत नाही हे ठाऊक आहे, पण या खेपेला विचारा. मला विचारवत नाही.

उत्तर मात्र आमच्या घरच्या पत्त्यावर, माझ्या नावाने पाठवा. ते द्यायला तरी ती इथवर येईल. भांडं मी धुऊन ठेवलं आहे.