गंज गेला की वाजेल

४ जानेवारी, रविवार
सोसायटीचं स्नेहसंमेलन २५ तारखेला. सेक्रेटरी संपतरावांकडे नाव दिलं: दत्तप्रसाद, सी विंग, गिटारवादन. त्यांनी विचारलं, तुम्ही वाजवता? मी नुसता हसलो. कलाकारानं अशा प्रश्नांना उत्तर देऊ नये.

माळ्यावरून गिटार काढली. तारा पिळायच्या सहाही चाव्या गंजलेल्या, स्क्रू काळेठिक्कर. जरा वाजवून पाहिलं. भयंकर. गंज आवाजात उतरतो, हे उघड आहे. आधी सफाई, मग सराव. आमची उत्कर्षा कॉलेजात गेली, तरी तिनं मला वाजवताना कधी ऐकलेलं नाही. पार्किंगवरून भांडतानाच ऐकलंय. हे बदलायचं आहे. अगदी मनापासून.

६ जानेवारी
चाव्या, स्क्रू सगळं उतरवलं. त्यामुळे आज सराव शक्य नाही. जुन्या टूथब्रशनं घासलं. ब्रश वासंतीचा निघाला. जुनाही नव्हता. बायको संध्याकाळपर्यंत बोलली नाही.

९ जानेवारी
सराव नाही. चाव्याच नाहीत तर कसा होणार? यूट्यूबवर एक जण म्हणतो व्हिनेगर लावा, दुसरा म्हणतो व्हिनेगर चुकूनही नको. बिबवेवाडीतल्या हार्डवेअरवाल्याला विचारलं. तो म्हणाला, नव्या घ्या की साहेब, घासत काय बसता! त्याला कलेतलं काही कळत नाही.

१२ जानेवारी
वासंतीनं संक्रांतीच्या हळदीकुंकवासाठी पितळी गुलाबदाणी चिंचेनं घासली. लखलखाट! आणि मी जगभर शोधत बसलो होतो. चाव्या-स्क्रू चिंचेच्या कोळात बुडवले, वाटी झाकून फ्रीजमध्ये. वासंती म्हणाली, ते पितळेला चालतं. मी म्हटलं, धातू तो धातू.

१३ जानेवारी
सकाळी वाटीतून सगळं काढून घेतलं. म्हणजे जवळजवळ सगळं. वासंतीनं उरलेला कोळ आपलाच समजून आमटीत घातला. रात्री उत्कर्षाच्या वाटीत स्क्रू. मी म्हटलं, वाटीवर चिठ्ठी लावायला हवी होती. कोणी, ते बोललो नाही. दोघींनी बाहेरून जेवण मागवलं. दोघींपुरतं.

१७ जानेवारी
तारेच्या घासणीनं जोर लावला. गंज गेला. त्याच्याबरोबर वरचा मुलामाही गेला. आता चाव्या पट्ट्यापट्ट्यांच्या दिसतात. मुद्दाम केल्यासारख्या, म्हणजे स्टाइल. दोन फिरत नाहीत, बाकीच्या थांबत नाहीत. तेलानं होईल.

२० जानेवारी
खोबरेल तेलानं झालं नाही. गॅलरीत घासत होतो, ते खालून संपतरावांनी पाहिलं. लगेच वर आले, हातात सोसायटीची काळीकुट्ट समई. म्हणाले, दीपप्रज्वलनाला लागते, तुमचा हात बसलाच आहे, तेवढी द्या ना करून. माझ्यावर विश्वास टाकणारं कोणीतरी आहे तर! घेतली. सराव उद्या.

२४ जानेवारी
समई चिंचेनं अशी निघाली की तीत बघून दाढी करावी. मग गिटारला तारा चढवायला घेतल्या. पिळलं की सुटतात. संध्याकाळी नाव मागे घेतलं, तांत्रिक कारण सांगितलं. संपतरावांनी कोणतं तेही विचारलं नाही. वाईट वाटलं. उत्कर्षाला सांगितलं तेव्हा जास्त वाटलं. ती गिटार घेऊन स्कूटरवरून कुठेतरी गेली.

२५ जानेवारी, रविवार
स्नेहसंमेलन पार पडलं. आभारप्रदर्शनात मांडववाल्यानंतर माझं नाव घेतलं, समई घासून दिल्याबद्दल. उठून नमस्कार केला. टाळ्या बऱ्यापैकी. वाजवलं असतं तर आवरल्या नसत्या.

२६ जानेवारी, सोमवार
सुट्टी. सकाळी उत्कर्षानं गिटार समोर ठेवली. नव्या चाव्या, नव्या तारा, दुकानातून सूरही लावून आणलेला. गंजाचा ठिपका नाही. म्हणाली, बाबा, स्टेज जाऊ दे, मला ऐकव.

मला भरून आलं. वाजवलं. पूर्ण गाणं. तिनं मोबाइलकडे न बघता शेवटपर्यंत ऐकलं. मग विचारलं, गंज होता तेव्हाही असंच वाजायचं का?

मी काही बोलायच्या आत वासंती स्वयंपाकघरातून म्हणाली, तेव्हा जरा बरं होतं.