सात आठे चोपन्न

प्रिय टॉलिव्हर बाई,

हे पत्र मी टाकणारच नाहीये. तुम्ही वाचलंत, तर डेट्रॉइटहून मिळेल ती बस पकडून याल आणि छत्री उगारून माझ्या नव्या प्रेस्कॉट बाईंच्या वर्गात उभ्या राहाल.

आपली काळ्यांची शाळा बंद झाली, नोकरी गेली म्हणून तुम्ही डेट्रॉइटला गेलात आणि मला गोऱ्यांच्या शाळेत घातलं. वर्गात काळी मी एकटीच. तिथे कोरडी, पांढुरकी दिसू नयेत म्हणून आई रोज माझ्या कोपरांना व्हॅसलीन चोळते. संध्याकाळी विचारते, "कशी होती गं शाळा?" मी म्हणते, "छान." खोटं नाही ते. कोणी मारत नाही. पण बाई, कोणी रागावतसुद्धा नाही! मी हात वर केला, की प्रेस्कॉट बाईंना खिडकीबाहेर काहीतरी दिसतं. माझी नुसती मान वळली तरी तुम्ही ओरडायचात, "लुरीन, लक्ष कुठंय?"

म्हणून आज मी वहीत मुद्दाम "सात आठे चोपन्न" लिहिलं. प्रेस्कॉट बाईंनी न बघताच बरोबरची खूण केली.

शेजारची डॉटी माझ्याशी कधीच बोलत नाही. तिने वहीत डोकावून पाहिलं आणि एकदम फिस्कारली, "अगं ए वेंधळे, छप्पन्न! पूस ते आधी!" आणि स्वतःचा खोडरबर माझ्याकडे ढकलला.

अगदी तुमच्यासारखी रागावली हो! मला इतकं बरं वाटलं, की पुसताना अक्षरं दिसेनात.

उद्या मी नऊच्या पाढ्यात चुकणार आहे.

तुमचीच वेंधळी,
लुरीन