चार ऋतू आणि एक पोझ देणारी गाय

३ मार्च
आईने जाहीर केलंय. गुरांचं हे रँच माझ्या नावावर करायचं की धाकट्या बहिणीच्या, लव्हॉनच्या, ते नाताळात सांगणार. तोवर उत्तरेकडच्या गाई लव्हॉनने बघायच्या, दक्षिणेकडच्या मी. लव्हॉन लगेच कुंपण दुरुस्त करायला पळाली. नुसती ढोरमेहनत. मी चारही ऋतूंचे फोटो काढून आईला देणार. अ‍ॅरिझोनाच्या या वाळवंटावर खरा जीव कुणाचा, ते कळेल तिला. उद्या पहाटेपासून सुरुवात.

४ मार्च, सकाळी १०
आत्ता उठलो. पहाटेच्या उजेडाचं लोक उगाच कौतुक करतात.

२१ मार्च
पाण्याच्या टाकीजवळ पिवळी फुलं. पिकअपचा हॉर्न वाजवला तशा सगळ्या गाई चाऱ्याकडे धावल्या. एक तांबडी मात्र जागची हलली नाही. कलेची जाण! नाव ठेवलं मॉडेल. लव्हॉनने विचारलं, तुझ्या गाई ठीक ना? म्हटलं, फोटोजेनिक आहेत.

१५ जून
ऊन एकशे दहा फॅरनहाइट. मॉडेल त्याच जागी, एक पाय अधांतरी. बॅलेच जणू. सडपातळही झालीय, फ्रेममध्ये छान बसते. आपणही सोमवारपासून डाएट.

सोमवार
आईने बीन्स आणि टॉर्टिया केले होते. नाइलाज झाला.

९ ऑक्टोबर
गवत सोनेरी. मॉडेलच्या बरगड्यांवर सावल्या काय पडल्यात! लव्हॉन म्हणाली, जरा गाईंकडे बघत जा रे. सात महिने दुसरं काय करतोय मी?

१२ डिसेंबर
बर्फ पडला, आणि मॉडेल गायब. ऐन वेळी दगा. रिकामा फोटो काढला. त्यातही अर्थ आहे म्हणा.

२५ डिसेंबर
चारही फोटो आईला दिले. म्हटलं, पोझ बघ. तिने चष्मा लावला, फुलं सोडून बोट थेट गाईवर ठेवलं. मार्चमध्ये खूर सुजलाय, म्हणाली. जूनमध्ये पाय टेकत नाहीये. ऑक्टोबरात नुसता सापळा. अरे गाढवा, पोझ कसली, चालता येत नव्हतं तिला. लव्हॉनने नोव्हेंबरातच तिला उचलून नेऊन औषधपाणी केलं होतं म्हणे. रँच लव्हॉनला. लाज वाटली, खरंच.

८ जानेवारी
प्रदर्शन लागलं. गुरांच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात. तीन फोटो, माझं पूर्ण नाव आणि खाली ‘एवढा उशीर करू नका’. लव्हॉनने मॉडेलला तपासायला आणलं होतं. चांगली भरलीय. मी कॅमेरा काढला. ती थांबली नाही, चारही पायांवर चालत निघून गेली.