शून्य दिवस

४ ऑक्टोबर
जागा फार सुंदर आहे. खोलीच्या खिडकीतून कालवा दिसतो आणि पॉपलरच्या झाडांची रांग, थेट आमच्या कॉन्व्हेंटसारखी. तीन आठवडे इथे राहायचं, आयतं जेवायचं आणि मोठ्या चुंबकाच्या यंत्रात हात घालून स्वस्थ पडायचं. डॉक्टर टायबरगेन यांना तुलनेसाठी एक निरोगी हात हवा होता. माझा उजवा हात त्यांनी उलटसुलट करून पाहिला. चाळीस वर्षं या हाताने लेस विणली आहे, सिस्टर अल्डेगोंडांनी शिकवलेली. इतकी तरबेज बोटं दुर्मीळ, म्हणाले. या वयात कुणी कौतुक केलं की बरं वाटतं.

जेवणाच्या टेबलावर ओटिलीबाई भेटल्या. चर्चमध्ये ऑर्गन वाजवायच्या. उजवं मनगट पट्टीत होतं. काय झालं विचारलं, तर काचेच्या दारात हात गेला म्हणाल्या. डाव्या हाताने केशरी खीर खाताना माझ्याकडे त्यांनी पाहिलंच नाही. तुम्ही आलात, आता उद्या माझी नस शिवतील, एवढंच पुटपुटल्या.

९ ऑक्टोबर
ओटिलीबाई घरी गेल्या. निरोपही घेतला नाही.

यंत्र चालवणारा लोडे मोठा गमत्या आहे. रोज विचारतो, बाई, अंगठी काढली ना, नाहीतर हे यंत्र तुमच्याशी लग्न लावेल. आज त्याने पडद्यावर माझी नस दाखवली, रक्ताची नव्हे, बोटांना संवेदना देणारी. मनगटापासून बोटांपर्यंत शेकडो रंगीत धागे, लेस विणायच्या उशीवर ताणल्यासारखे. चित्र खरं म्हणजे पाण्याचं असतं. जिवंत तंतूत पाणी त्याच्या लांबीनेच सरकतं. तंतू मेला की ते वाट फुटेल तिकडे पसरतं आणि पडद्यावरचा धागा पुसला जातो. नस कापली की जखमेपासून बोटांकडे ती कशी मरत जाते, हे डॉक्टरांना रोजच्या रोज बघायचं आहे. जखमेचा दिवस तो शून्य, पुढे एक, दोन. अडचण एकच आहे. माणसं येतात ती जखम झाल्यावर. आधीचं चित्र कुणाचंच नसतं.

मला डॉक्टरांची दया आली.

१६ ऑक्टोबर
लोडेने माझ्या कार्डावर ‘उणे सहा’ लिहिलं. शाळेत संत निकोलस खाऊ घेऊन यायच्या आधी आम्ही फळ्यावर असेच उतरते दिवस लिहायचो. शेवटच्या दिवशी बुटात संत्रं सापडायचं. शून्याला, म्हणजे बावीसला, मला घरी सोडणार असतील. ठरल्यापेक्षा लवकरच. लोडेला तसं विचारलं, तर तो एकही विनोद न करता बाहेर गेला.

२१ ऑक्टोबर
लोडेच्या टेबलावर ओटिलीबाईंची फाइल उघडी होती. ती उणे अठरापासून सुरू होते. उणे एकपर्यंत धागे भरगच्च. मग शून्य. तिथे डॉक्टरांच्या सुबक अक्षरात – काच, मनगट. त्यानंतर धागे विरत गेलेले. बोटांत काही नाही.

खाली माझा कागद होता. २२ ऑक्टोबर, शून्य. काच, मनगट.

आजच लिहून ठेवलेलं.

बस उद्या सकाळी नऊला आहे. त्याआधी नाही. बॅग भरली. पण डॉक्टरांना कसं कळलं – दारापर्यंत पोचवायला येतो म्हणाले.

२६ ऑक्टोबर
डावा हात. अक्षर बघून सिस्टर रागावल्या असत्या.

दार त्यांनीच उघडून धरलं. माझा हात हातात घेतला, किती हळुवार – आणि काचेतून – लोडेने मागून खांदे धरले होते. त्याची अंगठी खांद्यात रुतत होती.

३ नोव्हेंबर
रोज चित्र. अंगठ्याचे धागे गेले. तर्जनीचे – मधलं बोट –

दाराला कुलूप. डॉक्टर पलंगावर बसून म्हणाले, “एकविसाव्या दिवशी नव्या बाई येतील. त्यांच्याशी शहाण्यासारखं वागा, दुसऱ्या दिवशी नस शिवतो. नाहीतर राहू दे तशीच.”

जाताना पांघरूण नीट केलं.

१२ नोव्हेंबर
आल्या. फ्रान्सिनाबाई. घड्याळं दुरुस्त करतात. नाजूक बोटं. माझ्या ताटातलं मांस कापून दिलं, न सांगता.

उद्या शिवतील. उद्या. पुन्हा लेस –

खीर आली. त्यांनी विचारलं, हाताला काय झालं हो तुमच्या?

डॉक्टरांचा चमचा थांबला.

मी खिरीकडे बघत म्हटलं, काचेच्या –