कापसाच्या ढिगावरची मॅडम आणि जळगावची गोळी

ती. मोहिनीअक्का,

धाकट्या कुंदनचा वाकून नमस्कार. भावजींचा गुडघा आता जिना चढू देतो का? इकडे भडगावला बठ्ठं चांगलं शे, सगळे मजेत. (व्हॉट्सॲप सोडून पत्र का, ते शेवटी सांगतो. आधीच खाली बघू नको.)

गाव मला भटक्या म्हणतं, तूही म्हणतेस. पण अक्का, मी भटकत नाही गं. एसटीत बसलो की छाती धडधडते, घाम फुटतो, आता मरतो असं वाटतं आणि मी मिळेल त्या फाट्यावर उतरतो. पाचोऱ्याला मुलाखतीला निघालो आणि अनोळखी लग्नात जेवून आलो, ते असंच. (जिलेबी चांगली होती. नवरदेव माझ्यापेक्षा घाबरलेला.)

मग माझ्या मित्राने, जितेंद्रने मोबाइलवर समुपदेशक मॅडम लावून दिल्या. दर बुधवारी व्हिडिओवर बोलायचं. त्या म्हणाल्या, कुणी ऐकणार नाही अशी जागा बघा. आपल्या घरात तशी एकच, कापसाची खोली. ढिगावर चढून बसलं की शब्द बाहेर जात नाही. मॅडम म्हणायच्या, श्वास सांभाळा, एक फाटा तरी पुढे जाऊन उतरा. मी खरंच दोन फाटे पुढे जायला लागलो होतो. पण कापसाला भाव आला आणि नेमकी बुधवारीच व्यापाऱ्याची माणसं काटा घेऊन आत शिरली. मी वर ढिगावर, मॅडम मोठ्यानं विचारतायत, "लहानपणी आईशी नातं कसं होतं?" आणि खाली माय, कमरेवर हात ठेवून.

"सांग ना रे, कशी व्हती मी?"

हमालांनी गोण्या खाली टेकवल्या. मी म्हणालो, चांगली. मॅडम म्हणाल्या, मोकळेपणानं बोला. माय म्हणाली, "हां, मोकळं बोल!"

आता खोली रिकामी झालीय, म्हणून मॅडमही बंद. तिथं शिंकलं तरी गल्ली बघायला येते.

मग जितेंद्रने मोटरसायकलवर जळगावच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी गोळी दिली, म्हणाले, गुण यायला काही आठवडे लागतील, मनानं बंद करू नको, मॅडमशी बोलणंही चालू ठेव. आधी पोट बिघडलं, मग छाती खरंच गप्प झाली. एकदा सलग पाचोऱ्यापर्यंत गेलो! (तिथं काही कामच नव्हतं, परत आलो.) गोळीला रेंज लागत नाही, हे बरं. पण ती मायला उत्तर देत नाही. ते मॅडमच शिकवत होत्या.

बाकी क्षेम. भाच्यांना पापा.

तुझा,
कुंदन

ता. क. सवय लागते असं डिंपल म्हणाली (ती मेडिकल दुकानाशेजारी राहते, म्हणून तिला सगळं कळतं), म्हणून मी गोळी मनानंच बंद केलीय. तेव्हापासून डोकं गरगरतंय, छाती परत सुरू. हे मायला सांगू नको.

ता. क. २. तुमच्या धुळ्याच्या डॉक्टरांकडे माझ्यासोबत येशील? बोलायचं मीच. तू फक्त शेजारी बस, म्हणजे मी मधेच उतरणार नाही.

ता. क. ३. पत्र टपालात टाकलेलं नाही, दाराखालून सरकवतोय; व्हॉट्सॲपवर विचारलं असतं तर मी घरीच बसलो असतो. पारोळ्याला दोनदा उतरून, दोनदा परत चढून मी धुळ्याला तुझ्या पायरीवर पोचलोय. बेल वाजवायला हात धजत नाही. चहा उकळल्याचा वास येतोय, त्यात अर्धा कप पाणी वाढव.